मरियेचे गीत आणि साडीतील मरिया



लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात एक गीत आहे. ख्रिस्तसभा ते दररोज सायंप्रार्थनेत गाते. लॅटिनमधील त्याच्या पहिल्या शब्दावरून त्याला ‘माग्निफिकात’ म्हणतात. आपण मरियेचे स्तुतिगीत म्हणतो. आज त्याचा अभ्यास थोड्या वेगळ्या वाटेने करू या. गीत ऐकून डोळ्यांपुढे चित्र उभे राहते. ते कोणाचे राहते, हे पाहू.

प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. नाझरेथची तरुण मुलगी घाईघाईने यहुदियाच्या डोंगराळ मुलखात जाते. तिथे तिची वयस्क नातेवाईक एलिझाबेथ उतारवयात गरोदर आहे. दाराशी दोघींची भेट होते आणि मरिया गाऊ लागते. गर्विष्ठांची दाणादाण, सत्ताधाऱ्यांची आसनावरून उतरण, दीनांची उन्नती, भुकेल्यांची तृप्ती आणि रिकाम्या हाताने परत जाणारे धनवान, असा या गीताचा आशय आहे. जुन्या करारातील हन्नाच्या गीताचा सूर यात स्पष्ट ऐकू येतो. एक मात्र विसरता कामा नये. गाणारी स्वतःला देवाची दासी म्हणते आणि देवाने आपल्या दैन्यावर नजर टाकली, एवढ्याच गोष्टीचा तिला आनंद आहे.

आता जपमाळेच्या पुस्तकात खुणेसाठी ठेवलेले चित्रकार्ड आठवा. निळा झगा, गोरा चेहरा, सोनेरी मुकुट, पायाखाली ढग. छपाई इटलीची असो की शिवकाशीची, चेहरा तोच. या चित्रापुढे आपल्या आज्या-पणज्यांनी डोळे भरून प्रार्थना केली आहे. त्याला नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण गीत एका गरीब घरच्या मुलीचे आणि कार्डावर राजघराण्यातील युवती, हे अंतर तरी दिसायला हवे.

हे अंतर ज्यांना बोचले, त्यांतले एक होते चित्रकार आंजेलो दा फोन्सेका. १९०२ मध्ये गोव्यातील सांत इस्तेव येथे एका सुखवस्तू कॅथोलिक घरात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधील पाश्चात्त्य पद्धतीच्या शिक्षणात त्यांचे मन रमले नाही. ते बंगालमध्ये गेले आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. परत आल्यावर त्यांनी जलरंगात शुभवर्तमानातील प्रसंग रंगवले. त्यांची मरिया साडी नेसते. तिचा वर्ण आपल्यासारखा सावळा, पाय अनवाणी, नजर खाली. तिच्याभोवती तेजोवलय असते, पण ती ढगांवर नसते, जमिनीवर असते. अशा चित्राची पोस्टकार्डाएवढी छपाई कोणी हातात दिली तर पहिल्या क्षणी ही आपल्याच आळीतली कोणी बाई वाटेल, आणि वलय दिसल्यावर मग ओळख पटेल.

गोव्यात हे रुचले नाही. रोष इतका झाला की १९३०च्या दशकात त्यांनी गोवा सोडून पुणे गाठले. रोष धरणाऱ्यांना केवळ कोत्या मनाचे म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. गोव्यात वेश हीच धर्माची खूण ठरवली गेली होती. १७३६ मधील इन्क्विझिशनच्या हुकुमनाम्याने ख्रिस्ती स्त्रीपुरुषांना हिंदू पद्धतीचा पेहराव करण्यास मनाई केली होती. ज्या समाजाला दोनशे वर्षे असे शिकवले गेले, त्याला साडीतील मरिया म्हणजे मागे फिरणे वाटले असेल तर नवल नाही. भीती खरी होती. ती शिकवलेली होती, हेही तितकेच खरे.

पुण्यात त्यांना आसरा मिळाला तो शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात, आणि हा आश्रम होता अँग्लिकन पंथीयांचा! कॅथोलिक चित्रकाराला दुसऱ्या पंथाच्या अंगणात रंग कालवायला जागा मिळाली. आश्रमाची मुळे शोधत गेलो की आपण पुन्हा गीतापाशीच येतो. संस्थापक फादर जॅक विन्स्लो यांच्यावर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा खोल ठसा होता. १९२३ मध्ये त्यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्रही लिहिले. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) राहून अभंग-ओवीच्या चालीत शेकडो ख्रिस्ती गीते रचली. १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मिशनचा पगार सोडून ते संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. १९१९ मध्ये ते गेले. विन्स्लो यांचा संघ १९२२ मध्ये उभा राहिला. टिळकांनी जे शब्दांत केले, तेच या परंपरेच्या छायेत फोन्सेकांनी रंगांत केले, असे म्हणायला हरकत नाही.

इथे थांबून स्वतःला विचारू या. टाळ-मृदंगावरचे भजन आपल्याला परके वाटत नाही. मिस्सामध्ये गायनवृंदाने अभंगाची चाल धरली की मागच्या बाकावरचे म्हातारेही ठेका धरतात. कानाला जे चालले, ते डोळ्याला इतकी वर्षे का चालू नये?

ख्रिस्तसभेने याचे उत्तर दिले ते ४ डिसेंबर १९६३ रोजी. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या पवित्र उपासनेविषयीच्या संविधानात (परिच्छेद १२३) म्हटले आहे की कोणतीही एक कलाशैली ख्रिस्तसभेने आपली स्वतःची म्हणून मानलेली नाही. सर्व लोकांच्या आणि प्रदेशांच्या कलेला, योग्य आदर राखून, उपासनेत स्थान आहे. परिच्छेद ११९ लोकांच्या संगीतपरंपरेबद्दल असेच सांगतो. फोन्सेका तेव्हा एकसष्टीच्या घरात होते. तीस वर्षे ज्यासाठी टीका सोसली, त्याला मान्यता मिळालेली पाहायला त्यांना चारच वर्षे लाभली. १९६७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. पत्नी आयव्ही यांनी चित्रे जपली आणि आज त्यांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरी येथील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहे.

आपल्या माहूरला मात्र एक शंका विचारली जाते, आणि ती टाळू नये. हे रेणुकामातेचे गाव. नवरात्रात गडावर रीघ लागते. मग साडीतील मरिया घरी लावली तर शेजारी तिला देवी समजतील, मुले गोंधळतील, त्याचे काय? शेजाऱ्यांच्या श्रद्धेचा पूर्ण मान राखून याचे उत्तर गीतातच शोधावे लागेल. मरियेला आपण वंदन करतो, आराधना फक्त देवाची. साडीने कोणी देवी होत नाही. आपल्या आया-बहिणी रोजच साडी नेसतात. खरे पाहता मुकुट घालून ढगांवर उभी असलेली राणीच देवी समजली जाण्याचा संभव जास्त. आणि वेळांकण्णीच्या मातेला साडी नेसवलेली पाहून आपल्यापैकी कोणाची श्रद्धा डळमळली आहे? मेक्सिकोची ग्वादालुपेची माताही तिथल्या लोकांच्याच सावळ्या वर्णाची आहे.

तरीही एक प्रश्न फोन्सेकांच्या चित्रांनाही विचारता येईल. साडी कोणाची? त्यांची मरिया बरेचदा पुण्या-गोव्याकडील नीटनेटक्या घरातील वाटते. आपल्या किनवट-माहूर भागात तांड्यावरची आई फेटिया-काचळी घालते. गोंड आणि कोलाम वस्तीवरच्या बाईचे लुगडे वेगळे, कापूस वेचणाऱ्या बाईचा कमरेला खोचलेला पदर वेगळा. गीतातील ‘दीन’ जर कोणी असतील, तर त्या याच. त्यांचे चित्र अजून कोणी काढायचे आहे.

या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेच्या वेळी लूक १:३९-५६ सावकाश वाचावे आणि लगेच १ शमुवेल २:१-१० वाचून दोन्ही गीतांतील साम्य शोधावे. नंतर घरातील मुलांना पोस्टकार्डाच्या आकाराचा कागद द्यावा आणि दाराशी झालेली ती भेट काढायला सांगावी. मरियेला काय नेसवायचे ते मुलांनी ठरवावे. एलिझाबेथला काय नेसवायचे, ते मात्र आजीला विचारून.