रान कोणी तोडले?

ठाण्याच्या वागळे इस्टेटीतून येऊरचा डोंगर दिसतो. डोंगरावर अजून रान आहे. आदिवासींचे पाडेही आहेत. पण ठाणे जिल्ह्यातले किती तरी डोंगर बोडके झाले. पुष्कळ जण म्हणतात, "आदिवासींनी लाकूडफाटा तोडला, म्हणून रान गेले." हे खरे आहे का? चला, पाहू.

पूर्वी शेतकरी रानातून काय आणी? जळण, घराला वासे, नांगराला लाकूड. पावसाळ्याआधी तो झाडांच्या फांद्या छाटी. त्या शेतात पसरून जाळी. याला राब म्हणतात. राब भाजला की भाताचे रोप जोमाने येते. फांद्या छाटल्या तरी झाड उभे राही. पुन्हा पालवी फुटे.

इंग्रज सरकारला मात्र अख्खे झाडच हवे होते. जहाजांना साग हवा होता. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला आगगाडी आली. पुढे देशभर रूळ पडले. रुळांखाली लाकडाचे जाड ठोकळे घालत. त्यांना स्लीपर म्हणतात. एका मैलाला हजाराहून जास्त स्लीपर लागत. काही वर्षांनी ते कुजत. मग पुन्हा नवी झाडे पडत. मुंबई शहर वाढले. त्याचे जळणही ठाण्याच्या रानातून जाई. शिवाय रान मोडून शेत केले, की सरकारला शेतसारा मिळे.

१८७८ साली सरकारने जंगलाचा कायदा केला. रान राखीव करायचे ठरले, की जाहीरनामा निघे. ज्याचा हक्क असेल त्याने मुदतीत तो सांगायचा. मुदत टळली, की हक्क बुडाला. ज्याला अक्षर येत नव्हते, त्याला तो कागद कसा कळणार? काल जो रानाचा धनी, तो आज चोर ठरला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फार ओरड झाली. १८८५ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

गरिबानेही लाकूड तोडले, हे खरे. पण ज्याचा हक्कच गेला, त्याला झाड राखायची गोडी कशी वाटणार?

२००६ साली वनहक्क कायदा झाला. आता रानावरचा हक्क गावाला सांगता येतो. दावा ग्रामसभेपुढे मांडायचा असतो. तो कागदावर लिहावा लागतो. आपल्याला आता अक्षर आले आहे. कागद आपण वाचू. रानही आपणच राखू.

प्रश्न
१. राब म्हणजे काय?
२. आगगाडीला लाकूड कशासाठी लागे?
३. तुमच्या गावाचे रान कोणाच्या नावावर आहे? चौकशी करा व लिहून आणा.