पोहण्याआधी दोर

चि. सुनील,

शेततळं भरलं, आता उन्हाळ्यात दोन्ही मुलांना पोहायला शिकवतो म्हणजे काळजी मिटली, असं तू लिहिलंस. पोहायला जरूर शिकव. काळजी मात्र तेवढ्यानं मिटत नाही. विहिरीला बहुधा पायऱ्या असतात, नदीला मंद उतार असतो. शेततळ्याला यातलं काही नसतं. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं घे. बाजू एकास एक उताराच्या धरल्या, तर काठापासून जितकं आत तितकंच खोल. भरल्या तळ्यात तिसऱ्या पावलाला चौथीतल्या पोराच्या डोक्यावरून पाणी जातं, आणि तळं अर्धं असलं तर वर चढायचा उतार तेवढा लांबतो. त्यावर प्लास्टिकचा कागद अंथरलेला, ओला, शेवाळलेला. हाताला पकड नाही, पायाला आधार नाही. पट्टीचा पोहणाराही काठाशी येऊनच दमतो. म्हणून चारही बाजूंना दोर आधी सोड, पोहणं मागाहून.

दोर दिसला की पोरं मुद्दाम उतरतील, असं तू म्हणशील. मुद्दाम उतरणारा दोराची वाट बघत नाही. दोर हवा तो बादली भरताना, चेंडू काढताना घसरणाऱ्यासाठी. कुंपणही घालच, पण फाटक कधीतरी उघडं राहतंच. तुझे वडील म्हणतील, आमची पिढी पाठीला डबा बांधून विहिरीतच शिकली. खरं आहे, पण तेव्हा शिकवणारा कडेला उभा असे. तळ्यावर भर दुपारी कोण असतं? ओरडणं ऐकू येईल हा भरवसाही खोटा. बुडणाऱ्याला श्वास घ्यायला सवड मिळत नाही, तो हाक कुठून मारणार? (हाका मारत बुडतात ते सिनेमात.)

त्याहून अवघड आहे थोरल्याला आवरणं. धाकटा पडला की तो उडी घेणार, आणि एकाच तळ्यात दोन भावंडं जातात ती अशीच. उडी मारू नकोस एवढंच सांगितलंस तर त्याला ते भ्याडपण वाटेल. हाताला दुसरं काम दे. रिकामा, घट्ट झाकणाचा कॅन दोराला बांधून ठेव. आधी मोठ्यानं ओरडायचं, मग काठापासून मागे सरून, आडवं पडून कॅन फेकायचा. अंगणात नेम बसेपर्यंत फेकून घे. जागतिक आरोग्य संघटनाही शाळकरी मुलांना पोहण्याच्या जोडीनं दुसऱ्याला सुरक्षितपणे वाचवणंही शिकवा म्हणते, ते उगाच नव्हे.

दोर नायलॉनचा घे, हातभर अंतरावर गाठी मार. खुंट्या कागदाच्या बाहेर, बांधाच्या पक्क्या मातीत ठोक. कागद फाटला तर तू सगळ्यात आधी दोरच काढशील, हे मला ठाऊक आहे.

तुझा,
काका