दुखणं अंगावर काढू देऊ नकोस

मीनू, फोनवर तुझा रडवेला आवाज ऐकल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. "डॉक्टरांनी पॅलिएटिव्हवाल्यांना भेटायला सांगितलं, म्हणजे त्यांनी हात टेकले ना ताई?" अगं, तसं नसतं. केमो चालू असतानाही ही मंडळी सोबतीला असतात, आणि जितक्या लवकर येतील तितकं सासूबाईंना बरं. आजार हटत नसला तरी वेदना, मळमळ, धाप यांवर करण्यासारखं पुष्कळ असतं.

कागलच्या हिंदुराव घाटग्यांच्या नावाचं ते रुग्णालय तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, याचा तुला आधार वाटतो, ते ठीकच. पण दर दुखण्याला त्यांना उठवून रिक्षात घालायचं म्हणजे त्यांचे हालच. हरमाला गुप्तांची कॅनसपोर्ट ही संस्था दिल्लीत कॅन्सरच्या रुग्णांकडे घरीच डॉक्टर, नर्स आणि समुपदेशक पाठवते, तेही विनामूल्य. त्यांना फोन कर.

मॉर्फीनचं नाव ऐकून प्रशांत बिथरला, म्हणालीस. त्याला नीट समजाव. डॉक्टरांनी वेदनेच्या मापाने दिलेल्या गोळीचं व्यसन लागेल ही भीती बहुतेक वेळा निराधार असते. या औषधाच्या परवान्यांचा जाच कमी व्हावा म्हणून २०१४ साली कायदासुद्धा बदलला. गोळी साधारण दर चार तासांनी, घड्याळ बघून द्यायची. दुखायला लागेपर्यंत थांबलीस तर वेदना डोक्यावर बसते आणि मग आवरता आवरत नाही. वहीत वेळ लिही, दहापैकी किती दुखतंय तेही लिही. डॉक्टर तीच वही आधी मागतील. आणि पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घे. मॉर्फीनने हमखास कोठा जड होतो, आणि त्या त्रासापायीच घरची माणसं गोळी बंद करतात.

जेवण कमी झालं म्हणून घास कोंबू नकोस गं. दोन चमचे पेज गेली तरी पुरे. ओठ कोरडे पडले तर ओल्या कापसाने टिपून घे. धाप लागली की उशांना टेकवून बसव आणि पंख्याचा वारा थेट चेहऱ्यावर येऊ दे, खूप बरं वाटतं.

लंडनला १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढणाऱ्या सिसिली सॉन्डर्स सांगत, की वेदना नुसती शरीराची नसते. मनाची, पैशाची, मागे राहणाऱ्यांच्या काळजीचीही असते. त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. सासूबाई रात्री कण्हतात त्यात धाकट्याच्या लग्नाचा घोर किती आहे, ते जवळ बसून विचार. आजाराबद्दल त्यांना किती जाणून घ्यायचंय, तेही त्यांनाच ठरवू दे. शेवटी नळ्या, व्हेंटिलेटर नको असेल तर तसा कागद आत्ताच करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ते सोपं केलंय: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, बस.

उद्या सकाळीच फोन लाव. रिपोर्टांची फाईल आणि चालू गोळ्यांची पाकिटं समोर घेऊन बस.