मालेगावचा सुपरमॅन आणि आमचे संडे-स्कूल

शास्त्रभाग : फिलिप्पैकरांस पत्र २:५-११, मत्तय ४:१-११, योहान २०:२४-२९

आमच्या बमरोलीकडील एका संडे-स्कूलच्या वर्गात भिंतीवर रंगीत तक्ता लावलेला आहे. त्यावर लाल झगा वाऱ्यावर उडत असलेला बलदंड पुरुष असून खाली 'येशू : सर्वांत मोठा सुपरहिरो' असे लिहिले आहे. शिक्षकांचा हेतू उत्तम आहे, यात शंका नाही. मुले मोबाईलवर जे पाहतात त्याच भाषेत त्यांना प्रभूची ओळख करून द्यावी, असे त्यांना वाटते. परंतु या तक्त्याने आपण मुलांना नेमके काय शिकवतो, याचा विचार शिक्षकबंधुभगिनींनी करावा म्हणून हा पाठ.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की सुपरमॅनची तुलना ख्रिस्ताशी करण्याची कल्पना आपल्याकडील नाही. १९७८ च्या इंग्रजी चित्रपटात दूरच्या ग्रहावरील पिता आपल्या एकुलत्या पुत्राला पृथ्वीवर पाठवतो आणि एक साधे शेतकरी जोडपे त्याला वाढवते. २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये तर नायकाचे वय तेहेतीस वर्षे आहे, आणि तो चर्चमध्ये बसला असता त्याच्या मागील रंगीत काचेवर गेथशेमाने बागेतील प्रभू दिसतो. त्या वेळी चित्रपट कंपनीने अमेरिकेतील पाळकांकरिता उपदेशाची तयार टिपणेदेखील उपलब्ध केली होती! तिकीटविक्रीसाठी व्यासपीठाचा असा उपयोग व्हावा, हे मला रुचले नाही.

वास्तविक हा नायक १९३८ साली जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन यहूदी तरुणांनी निर्माण केला. बाळाला नाशातून वाचवण्यासाठी आईबाप दूर सोडतात, ही गोष्ट मोशेच्या पेटाऱ्याची आठवण करून देते (निर्गम २). आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सीगलच्या वडिलांचे दुकान होते. १९३२ साली त्या दुकानात चोरी होत असताना त्यांचा मृत्यू झाला. पुढे त्याच मुलाने अंगावर गोळी न लागणारा माणूस कागदावर आणला. या दोहोंचा संबंध त्याने स्वतः जोडला असो वा नसो, बाप गमावलेल्या मुलाला असा माणूस हवाहवासा वाटेल, हे समजणे कठीण नाही.

आता आपल्या प्रांताकडे येऊ. सुरतेतील आपल्या मंडळीत खानदेश-मालेगावकडून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत, म्हणून मालेगावच्या सुपरमॅनची हकिगत अनेकांनी ऐकली असेल. मालेगाव हे आपल्या पांडेसरा-बमरोलीसारखेच यंत्रमागांचे गाव. शुक्रवार हा तेथील सुटीचा दिवस, आणि सुटी म्हणजे सिनेमा. तेथील नासिर शेख यांनी मित्रांना जमवून अगदी थोड्या पैशांत प्रसिद्ध चित्रपटांच्या विनोदी नकला काढल्या. पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' हाती घेतला. त्याचे चित्रीकरण कसे झाले, यावर फैजा अहमद खान यांनी २००८ साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा साधारण तासाभराचा माहितीपट केला. नासिर व त्यांच्या मित्रांच्या जीवनावरील 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा रीमा कागती यांचा चित्रपट २०२५ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. दोन्ही पाहून माझे मत असे झाले की नवा चित्रपट चांगला आहे, पण तो आपल्याला रडवण्याची थोडी घाई करतो. माहितीपट तसे करत नाही, म्हणून तो अधिक खरा वाटतो. विश्वासणाऱ्याने सिनेमा पाहावा की नाही, हा वाद मी येथे काढत नाही. मुले पाहतात, एवढे आपल्याला ठाऊक आहे.

या सुपरमॅनचे काम शफीक शेख या माग चालवणाऱ्या कारागिराने केले. शरीर काडीसारखे. अंगावर निळे कपडे, वर लाल चड्डी आणि तिची नाडी लोंबत असलेली. उडताना दाखवायचे तर हिरव्या पडद्यासमोर त्याला आडवे धरायचे. सायकलीवर कॅमेरा ठेवून चित्रीकरण करायचे. एकदा तर कॅमेराच पाण्यात पडतो. आणि कथेतील हा सुपरमॅन दमेकरी आहे! गावातील धूळ आणि घाण त्याला सोसत नाही, त्याला धाप लागते. प्रेक्षक हसतात. मीही पोट धरून हसलो. परंतु मागाच्या खात्यात बारा तासांची पाळी करणाऱ्या माणसाला ती धाप ओळखीची वाटल्याशिवाय राहत नाही. अमेरिकेचा सुपरमॅन आपल्या गल्लीच्या वरून उडून जातो. हा मात्र आपल्याच गल्लीतील हवा घेतो आणि खोकतो.

येथे फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघडावा. प्रेषित तेथे सांगतो की जो देवाच्या स्वरूपाचा होता त्याने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले. सुपरमॅन काय करतो? तो चष्मा लावून क्लार्क केंट नावाचा वार्ताहर होतो. पण तो चष्मा केवळ वेष आहे. आतून तो कधीच दुबळा नसतो, दुबळेपणाचे सोंग घेतो. प्रभूचे मनुष्यपण असेच वरवरचे होते, असे म्हणणारे लोक पहिल्या शतकांतील मंडळीत निघाले होते. त्या मताला आपण भासवाद म्हणतो, आणि योहान आपल्या पहिल्या पत्रात (४:२-३) त्याविरुद्ध स्पष्ट इशारा देतो. प्रभू विहिरीजवळ बसला तो खरोखर थकला म्हणून (योहान ४:६). लाजाराच्या कबरेपाशी त्याचे अश्रू खरे होते. तक्त्यावरील झगेवाला येशू हा नकळत त्या जुन्या पाखंडाचाच मुलांच्या आवडीचा अवतार आहे, असे मी म्हटले तर शिक्षकांनी रागावू नये.

मत्तयाचा चौथा अध्याय याच दृष्टीने वाचा. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे कोण सुचवतो? सुपरमॅन होण्याची सूचना शास्त्रात सैतानाकडून येते. पुढे वधस्तंभाखाली उभे असलेले लोकही तेच मागतात : खाली ये, म्हणजे आम्ही विश्वास ठेवू (मत्तय २७:४२). बारा सैन्यांहून अधिक देवदूत मागवण्याचा अधिकार त्याला होता (मत्तय २६:५३). तो त्याने वापरला नाही.

हा काही पंडितांचा वाद नव्हे. त्याच तक्त्याच्या वर्गात एका मुलाने विचारले होते, "माझ्या बाबांचा हात मशीनमध्ये गेला, तेव्हा येशू का आला नाही?" बाबांची तीन बोटे गेली होती. वर्ग गप्प झाला. येशू उडत येऊन यंत्र थांबवतो, असे शिकवल्यावर या प्रश्नाला उत्तर उरत नाही. मग एक तर मूल येशूला खोटा ठरवते, नाही तर आपल्या प्रार्थनेत काही उणे होते असे समजते. दुसरे अधिक वाईट. प्रभू सामर्थ्याने बरे करतो हे आपण मानतो आणि शिकवतो. परंतु तो न बोलावता ठरल्या वेळी येणारा पहिलवान आहे, असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. आपल्या दुर्बलतेची ज्याला कळ येते, असा तो आहे (इब्री लोकांस पत्र ४:१५). मुलाला हे एका रविवारी कळणार नाही. तोवर शिक्षकाने त्याच्या घरी जावे, बाबांजवळ बसावे.

येथे एक सावधगिरी. शफीक शेख २०११ साली तोंडाच्या कर्करोगाने वारले. २०२५ च्या चित्रपटातही आजारी मित्राला सुपरमॅन करण्याची कथा आहे. हे पाहून कोणी उपदेशक त्यांना ख्रिस्ताचे प्रतीक ठरवू लागेल, तसे करू नये. ते आपले मुसलमान शेजारी होते, कष्टकरी होते आणि हौसेने लोकांना हसवीत होते. तेवढ्यासाठीच त्यांचा आदर करावा. दृष्टांतात कोंबून बसवण्यासाठी शेजारी नसतो.

मग सामर्थ्य शिकवायचेच नाही काय? शिकवायचे, पण ते पुनरुत्थानाच्या सकाळपासून. योहान २०:२४-२९ हा भाग वरच्या वर्गासाठी घ्यावा. सुपरमॅनच्या अंगावर गोळीचा ओरखडा उठत नाही. मरणाला जिंकून आलेल्या प्रभूच्या हातांवर मात्र खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, आणि थोमाने त्याला त्या खुणांवरून ओळखले. ज्याच्या घरी बोटे गेलेला हात रोज जेवणाच्या ताटाशी दिसतो, त्या मुलाला हा भाग आपल्याहून लवकर समजेल.

वर्गाकरिता सूचना : प्रथम शास्त्रभाग वाचावा, मग मुलांना कागद व रंग देऊन उठलेल्या प्रभूचे चित्र काढण्यास सांगावे. तक्ता त्या दिवशी झाकून ठेवावा. हातांवरील खुणांची आठवण शिक्षकाने मुद्दाम करून देऊ नये. त्या कोण काढते, कशा काढते, ते पाहावे, आणि पुढील रविवारचा पाठ तेथून सुरू करावा.