भिंत वाचायची कशी? (यॉर्कच्या तटबंदीवरून एक चक्कर)

भिंत म्हटलं की आपल्याला काय आठवतं? नऊ इंची, साडेचार इंची आणि व्हायवात हमखास विचारला जाणारा इंग्लिश बॉण्ड! पण भिंत बांधता येते तशी ती वाचताही येते. त्याचा धडा गिरवायला उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्क शहराइतकी चांगली जागा नाही. तिथली मध्ययुगीन तटबंदी सुमारे ३.४ किलोमीटर आहे आणि तिच्यावरून चालायला तिकीट लागत नाही. इतकंच नाही, तर १९५१ पासून तिथले स्वयंसेवक गाईड लोकांना मोफत शहर दाखवतात. ही फेरी बूथम बारजवळच्या चौकातून निघते. पूर्ण तट त्यात होत नाही, उरलेला आपला आपण चालायचा. साधारण दोन तास पुरतात.

आधी एक गंमत. यॉर्कमध्ये 'बार' म्हणजे वेस आणि 'गेट' म्हणजे रस्ता! 'गेट' हा व्हायकिंग लोकांच्या भाषेतून आलेला शब्द. त्यामुळे 'मिकलगेट बार' म्हणजे मिकलगेट नावाच्या रस्त्यावरची वेस. हे कळलं की अर्धा नकाशा सुटला.

आता धडा पहिला : थर ओळखा. बागेतल्या मल्टँग्युलर टॉवरपाशी उभं राहा. खाली लहान लहान दगड आणि त्यांच्यामधून गेलेला लाल विटांचा पट्टा, हे रोमन काम. रोमनांनी इथे इ. स. ७१ मध्ये लष्करी तळ वसवला होता. वरचे मोठे दगड मध्ययुगातले. म्हणजे जुनं पाडून टाकण्याऐवजी त्याच्यावरच पुढचं चढवलं. इतरत्र रोमन भिंत मातीच्या बांधाखाली गेली आणि त्या बांधावर तेराव्या-चौदाव्या शतकात चुनखडीच्या दगडाचा तट उभा राहिला. बांधाची उंची फुकटात मिळाली, तेवढा दगड वाचला. मात्र भरावावर पाया म्हणजे सेटलमेंट आलंच, हे सिव्हिलवाल्यांना सांगायला नको.

धडा दुसरा : भिंत जिथे नाही तिथेही बघा. लेयरथॉर्पपासून रेड टॉवरपर्यंत तट तुटलेला दिसतो. तो कोणी पाडलेला नाही, तिथे तो कधी नव्हताच. विल्यम राजाच्या वेळी किल्ल्यासाठी फॉस नदी अडवली, पाणी मागे साचून मोठी दलदल झाली आणि शत्रूला अडवायला तीच पुरली. दलदल संपते तिथे १४९० च्या सुमाराचा रेड टॉवर आहे, तोही विटांचा. सगळ्या दगडी तटात हा एकटाच लाल!

धडा तिसरा : जखमा शोधा. १६४४ मध्ये यादवी युद्धात पार्लमेंटच्या सैन्याने शहराला वेढा घातला. जुन्या मठाच्या कोपऱ्यावरचा सेंट मेरीज टॉवर खालून सुरुंग लावून उडवला. नंतर तो पुन्हा बांधला, पण जुनं आणि नवं काम नीट जुळत नाही. जरा निरखून पाहिलं की सांधा सापडतो.

आता खरा प्रश्न. लढाया संपल्यावर अशा भिंतीचं करायचं काय? १८०० मध्ये यॉर्कच्या नगरपालिकेनेच तट पाडायची परवानगी मागितली. रस्ते अरुंद, दुरुस्तीचा खर्च डोईजड, कारणं अगदी व्यवहारी होती. वेशींपुढचे संरक्षक दगडी बोळ, ज्यांना बार्बिकन म्हणतात, ते एकेक करून गेले. आज वॉल्मगेट बारचा तेवढा शिल्लक आहे. बूथम बारजवळचा तटाचा तुकडाही नव्या रस्त्यासाठी पाडला. पण गावातले लोक विरोधात उभे राहिले. त्यांत यॉर्कचाच चित्रकार विल्यम एटी होता. वाद बरीच वर्षं चालला आणि बाकीचा तट वाचला.

मग रेल्वे आली. १८४१ चं स्टेशन तटाच्या आत होतं. रूळ आत न्यायला तटात कमान काढली, वरची वाट तशीच राहिली. पुढे १८७७ मध्ये मोठं स्टेशन झालं ते तटाबाहेर. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 'जुनं की नवं' असा प्रश्न आला की आपण लगेच बाजू घेतो, पण इंजिनिअरचं काम तिथेच सुरू होतं. लोड कुठून उतरेल, भोक केवढं पाडायचं, वरचं कसं तोलायचं, याचा हिशेब मांडला की कधी कधी दोन्ही राहतात. आपल्या मुंबईत १८६० च्या दशकात फोर्टचा तट पाडला. तिथल्या वेशीचं आता फक्त नाव उरलंय आणि ते आपण रोज लोकलच्या इंडिकेटरवर वाचतो : चर्चगेट!

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या किल्ल्यावर किंवा जुन्या वेशीपाशी गेलात तर फोटो काढाच, पण त्याआधी पाच मिनिटं तीन गोष्टी शोधा : थर, मोकळी जागा आणि सांधा. उद्या 'हे पाडायचं का?' असा कागद सहीसाठी आपल्यापैकीच कोणाच्या तरी टेबलावर येणार आहे. सही करण्याआधी भिंत वाचता आली पाहिजे.