सिस्टमडी नको, मग काय?

प्रश्न : आमच्या वाचनालयातल्या जुन्या कॉम्प्युटरवर (रॅम २ जीबी) विंडोज रखडतं. मुलगा म्हणतो, ‘सिस्टमडी नसलेलं लिनक्स टाका, हलकं असतं, वीज गेली तरी बिघडत नाही.’ हे काय प्रकरण आहे? कोणतं घ्यावं?
– एक वाचक, मुरबाड

उत्तर : मुलाचं पहिलं म्हणणं अर्धं खरं आहे, दुसरं मुळीच नाही.

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सुरू झाल्यावर पहिला चालतो तो इनिट. शाळेत सगळ्यांआधी येऊन कुलूप काढणारा शिपाईच म्हणा; नेटवर्क, प्रिंटर, लॉगिन यांना तोच जागं करतो. सिस्टमडी हे असंच एक इनिट. ते २०१० साली आलं आणि त्याने नोंदी ठेवण्यापासून लॉगिन सांभाळण्यापर्यंत बरीच कामं अंगावर घेतली. एकाच्याच हाती एवढं नको, म्हणून वाद पेटला. डेबियन या लिनक्सने २०१४ मध्ये त्याची निवड केली, तेव्हा नाराज मंडळींनी सिस्टमडीविना डेव्हुआन वेगळं काढलं.

पण इनिट बदलून रॅम वाचते ती थोडीच. खरा भार डेस्कटॉपचा, त्याहून ब्राउझरचा. तुमच्या शेजारच्या कर्जत तालुक्यात, खैराटच्या शाळेत २००७ साली मुलांना लॅपटॉप मिळाले, त्यांत रॅम अवघी २५६ एमबी होती. फेडोरावर बेतलेलं लिनक्स त्यावर चाले. अर्थात तेव्हाची वेबपानंही हलकी होती.

विजेचं म्हणाल, तर अचानक अंधार झाल्यावर डिस्कवरची व्यवस्था सावरायचं काम फाइल सिस्टमचं. लिनक्सवरची ईएक्सटी४ ही फाइल सिस्टम बदलांची आगाऊ नोंद ठेवते, म्हणून सहसा निभावतं. सेव्ह न केलेला मजकूर मात्र कोणतंही इनिट परत देणार नाही. त्यासाठी यूपीएसच घ्या.

माझं मत विचाराल तर सिस्टमडी नसलेलं अँटीएक्स. ते जुन्या यंत्रांसाठीच बांधलेलं आहे. त्याच्या २३व्या आवृत्तीत इनिटचे सिसव्ही आणि रनिट असे दोन पर्याय आहेत. सिसव्ही घ्या, जुनं असल्याने मदत लवकर सापडते. आर्टिक्स, व्हॉइड या सिस्टमडी नसलेल्या इतर लिनक्सची नावंही मुलाच्या तोंडी येतील. चांगली आहेत, पण त्यांचे अपडेट सतत येत राहतात, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दमछाक होईल.

आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहा. वायफाय, प्रिंटर, मराठी इन्स्क्रिप्ट टायपिंग तपासा. आणि पुस्तकांची यादी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली असेल, तर विंडोज पुसण्याआधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर लिनक्सवर उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतील.