खुब्याच्या वाटीचं फ्रॅक्चर : उखळीच्या सांध्याचा पुढचा पाठ



सहावीच्या सामान्य विज्ञानात ‘आपली अस्थिसंस्था व त्वचा’ हा पाठ आहे. त्यात उखळीचा सांधा येतो. खांदा आणि खुबा ही उदाहरणं मुलं पटकन पाठ करतात. पण ही उखळच फुटली तर? आज ते समजून घेऊ.

वाटी कशी असते?
मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं. ते कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत बसतं. ही वाटी तीन हाडं मिळून बनते. लहानपणी या तिघांच्या मध्ये इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी मऊ कूर्चा असते. साधारण 12 ते 16 वर्षांच्या दरम्यान तिचं हाड होतं आणि वाटी एकसंध बनते.

वाटी फुटते कशी?
बहुतेक वेळा मोठ्या धक्क्याने. मोटरसायकलचा अपघात, गाडीत गुडघा समोर जोरात आदळणं, चिंचेच्या झाडावरून किंवा छतावरून पडणं. गुडघ्यावर बसलेला मार मांडीच्या हाडातून थेट वाटीपर्यंत जातो. कधी वाटीचा काठ तुटतो, कधी चेंडूच बाहेर सरकतो.

दहा प्रकार, आणि त्यात न बसणारे
पूर्वी अशा रुग्णाला पायाला वजन बांधून आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवत. पॅरिसचे रॉबर्ट ज्युडे आणि एमिल लेटूर्नेल यांनी 1964 मध्ये या फ्रॅक्चरची वर्गवारी मांडली: 5 साधे प्रकार, 5 मिश्र. कोणत्या बाजूने शस्त्रक्रिया करायची, तेही त्यावरून ठरू लागलं. आजही सर्जन हीच वर्गवारी वापरतात.

पण प्रत्येक हाड पुस्तकाप्रमाणे फुटत नाही. काही फ्रॅक्चर दहापैकी कशातच नीट बसत नाहीत. तेव्हा तिरपे एक्स-रे आणि सीटी स्कॅन काढून तुकडा न् तुकडा पाहावा लागतो. मागचा काठ तुटला तर मागून, पुढचा भाग तुटला तर पुढून, कधी दोन्हीकडून जावं लागतं. तुकडे जुळवून प्लेट व स्क्रूने बसवतात. सांध्याचा पृष्ठभाग 2 मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेला असेल तर बहुधा शस्त्रक्रियेचा विचार होतो. खडबडीत वाटीत चेंडू घासत राहिला की सांधा लवकर झिजतो.

मुलांचं वेगळं का?
मुलांमध्ये हे फ्रॅक्चर फार क्वचित होतं, पण झालं तर धोका पुढच्या वाढीला असतो. ती ‘वाय’ कूर्चा दुखावली तर वाटीची वाढ थांबू शकते आणि ती उथळ राहते. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये काहीच दिसलं नाही, असंही होतं. म्हणून मूल चालायला लागलं की झालं, असं समजू नका. वाढ पूर्ण होईपर्यंत डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणीला न्यायचं.

आणखी एक गोष्ट. लहान मुलांचा खुबा खेळताना पडूनही निखळू शकतो. तो साधारण 6 तासांच्या आत बसवावा असं डॉक्टर सांगतात. उशीर झाला तर चेंडूचा रक्तपुरवठा बंद पडून तो भाग निकामी होण्याची भीती वाढते.

शाळेत किंवा शेतात असं झालं तर
- पाय आखूड दिसतो, गुडघा आत वळलेला, मुलाला उभं राहता येत नाही: खुब्याला मार असू शकतो.
- पाय ओढू नका, सरळ करू नका, मालिश करू नका. ‘हाड बसवून घेऊ’ म्हणून वेळ घालवू नका.
- उचलून मोटरसायकलवर मधे बसवू नका. 108 ला फोन करा.
- पावलाला मुंग्या आहेत का, पंजा वर उचलता येतो का, ते पाहून डॉक्टरांना सांगा. वाटीच्या मागून पायाची मोठी नस जाते.
- शस्त्रक्रिया लागेल असं वाटून खायला-प्यायला देऊ नका.

यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. अवघड शस्त्रक्रियेसाठी पुढे पाठवलं तर दिवस घालवू नका. दोन-तीन आठवडे गेले की तुकडे चुकीच्या जागी जुळू लागतात आणि काम कठीण होतं.

वर्गातील कृती
ओल्या मातीची वाटी करून त्यात गोटी फिरवा. मग वाटीचा एक काठ तोडून पुन्हा फिरवा. गोटी कुठून निसटते ते मुलांनाच सांगू द्या.

विचारा:
1. खुब्याची वाटी किती हाडांची बनते?
2. मार लागलेला पाय ओढू नये, ते का?

हा पाठ पालकसभेतही जरूर घ्या. अपघाताच्या वेळी तिथे आधी पोहोचणारे आपणच असतो.